दमयंतीबाईंची उरलेली पोरं

दमयंतीबाईंच्या हाताखालचं पोरगं गुरुकुलाला लागतंच, असं नेरडीगोंड्याच्या आसपासच्या खेड्यांत सगळे म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं बरं का! चौथीत असताना गुरुकुलाची परीक्षा द्यायची, पास झालं की पाचवीपासून राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं. बाईंच्या मराठी शाळेतली दोन-तीन पोरं दर साली पास व्हायची. जून आला की बापाच्या गाडीवर मागे बसून, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन ती हायवेला लागायची. शाळेतली तेवढी जागा रिकामी व्हायची आणि रिकामीच राहायची. नवी पोरं येणार कुठून? ज्याचा कापूस जरा बरा पिकला, त्यानं आपलं लेकरू पिवळ्या व्हॅनमध्ये घालून इंग्लिश शाळेत धाडलं.

बाईंना याचं वाईट वाटायचं का? पहिल्यांदा वाटलं होतं. तेव्हा पोराला निरोप देताना त्या इतक्या रडल्या, की पोराच्या आजीलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढं पुढं काही वाटेना. कुणी पेटीवर नाव रंगवून मागितलं की त्या ब्रश घ्यायच्या, नाव रंगवायच्या, हात धुवायच्या आणि जेवायला बसायच्या. माणूस असा कसा होतो म्हणाल, तर होतो बाप्पा! दर साली तेच करायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार.

बरं, शिकवायची त्यांची एक रीत होती. बाई एकट्या, खोली एक, वर्ग पाच. दिवाळी झाली की चौथीतली चलाख पोरं फळ्याजवळ यायची. बाईंचा सगळा दिवस त्यांच्यातच जायचा. बाकीची मागं खिडकीखाली बसून पाटी गिरवायची. त्यात एक रुपा. देवकाबाईची पोरगी, चौथीतली, एक दिवस खाडा नाही. सुटी अक्षरं तिला सगळी येत, पण ती जोडायला गेली की बिचारी घामाघूम व्हायची. "येईल हळूहळू," असं म्हणून बाई पुन्हा फळ्याकडे वळायच्या. असं करता करता चार वर्षं गेली.

या साली संक्रांतीनंतर मंडळाचे, म्हणजे तालुक्याचे, शिक्षणसाहेब तपासणीला आले. शाळेत चारच पोरं उरली होती. साहेबांनी एकेकाला पुस्तक दिलं. नागेशची चौथीतली मयूरी घडाघडा वाचून मोकळी झाली. रुपा पहिल्या ओळीतच अडकली, आणि दुसरीतल्या दोघांनी तर तोंडच उघडलं नाही.

"पच्चीस परसेंट," साहेब म्हणाले. साहेब तेलुगू, बाईंशी हिंदीत बोलायचे. "मॅडम, आपका स्कूल तो मंडल में सबसे अच्छा था. क्या हुआ?"

काय हुआ! वाचणारी होती ती सगळी बाईंनीच धाडून दिली होती. आणि जी उरली, त्यांना बाईंनी कधी शिकवलंच नव्हतं. हे त्यांना साहेबांच्या पुढ्यात उभं असताना पहिल्यांदा कळलं. लाज वाटायला हवी होती, पण तीही धड वाटेना. साहेबांचा चहा गार होऊन राह्यला होता, म्हणून त्यांनी दुसरा मागवला.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. जाता जाता त्यानं सांगून ठेवलं, की चार आहेत तोवर निभेल. यातलं एक जरी गेलं, तर जूनपासून ही शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेला जोडतील.

देवकाबाईच्या कानावर हे संध्याकाळपर्यंत गेलंच. ती हापशीवर बाईंना म्हणाली, "वढ्यापल्याड मी नाई धाडत पोरीले. पान्याच्या दिवसात कोन पोचवन? त्यापेक्षा माह्यासंग कापसात येईन." तिनं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. नुसतं सांगितलं, आणि घागर उचलून गेली.

दोन-चार दिवसांनी नागेश आला. "बाई, मयूरीचा गुरुकुलाचा फारम भरून द्या ना. आज आखरीची तारीख हाय म्हनते."

बाईंनी मोबाइल हातात घेतला आणि तशाच बसल्या. मयूरी गेली की शाळा गेली. शाळा गेली की रुपा कापसात. साइट बंद पडली, एवढं म्हटलं असतं तरी नागेश गुमान परत गेला असता. त्याला काय कळतं त्यातलं!

"काऊन थांबले बाई?"

"नेटवर्क नाही," बाई म्हणाल्या. नेटवर्क होतं.

मग त्यांनी फॉर्म भरला. मोठं मन वगैरे काही नाही. खोटं रेटायलाही अंगात जीव लागतो, आणि तेवढासुद्धा त्यांच्यात उरला नव्हता. सवयीच्या बोटांनी नाव टाकलं, फोटो चढवला, नागेशला पावती दाखवली.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी रुपाला खिडकीखालून उठवलं आणि फळ्याजवळ बसवलं. पोरगी आधी बिचकली, तिला वाटलं आपलं काही चुकलंच. रोज तेच चाललं, एक ओळ, पुन्हा तीच ओळ. बाई कधी खेकसायच्या, कधी कपाळाला हात लावायच्या. पण होळी झाली तशी अक्षरं एकमेकांना धरायला लागली.

मयूरी पास झाली. शाळा जोडायचा हुकूमही आला. बाईंनी तो वाचून मोबाइल पालथा ठेवला.

सुट्टी लागायच्या दिवशी रुपानं ओळीखाली बोट धरून अख्खं पान वाचलं. अडखळत वाचलं, पण कुणी सांगावं लागलं नाही. वाचून झाल्यावर तिनं बाईंकडं पाहिलं.

"बाई, आता मले कवा धाडता?"

"कुठं गं?"

"मयूरी चालली तिथं. तुमी ज्याले फळ्यापाशी बसवता, ते जातात ना."

बाईंनी टेबलाची कड धरली. चौथी सरली की ती परीक्षा देता येत नाही, आणि रुपाची चौथी आज सरली होती.

"पुढच्या साली," त्या म्हणाल्या.

रुपा पुस्तक तिथंच टाकून आईला सांगायला पळाली. बाई तिला परत बोलवायला दारापर्यंत गेल्या, आणि तिथूनच मागं फिरल्या.