मेरेतेची मिनीव्हॅन

फोर्दे गावात तोरुनची टॅक्सी माहीत नाही असं घर नव्हतं. तीस वर्षं तिनं ती चालवली. अडलेल्या बायकांना इस्पितळात पोचवलं, झिंगलेल्या पुरुषांना त्यांच्या दारात नेऊन उभं केलं, आणि एका हिवाळ्यात तर आजारी मेंढीला शेजारी बसवून डॉक्टरकडे नेलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळ कुठं होता? मीटर चालू होतं ना." त्रेसष्टाव्या वर्षी टॅक्सी विकली, पण वळणावर मान आधी वळवायची सवय काही गेली नाही. स्वयंपाकघरातून बाहेर पडतानाही ती तशीच वळायची.

गावातल्या सहा बायकांचं एक शिवणमंडळ होतं. नाव शिवणमंडळ, पण कित्येक वर्षांत त्यात कुणी सुईत दोरा ओवलेला नव्हता. एकाआड एक मंगळवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, कॉफी प्यायची, केक खायचा आणि न आलेलीबद्दल बोलायचं. जून लागला की मात्र या बायका नऊ जणांची मिनीव्हॅन भाड्यानं घेऊन चार दिवस डोंगर आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, पालथे घालत. व्हॅन आणायची ती तोरुननं. गाडीभोवती एक फेरी मारायची, टायरला लाथ घालायची, मालकाशी दोन शब्द भांडायचे आणि मगच किल्ली घ्यायची. चालवायची तिनंच. आणि तिच्या शेजारच्या सीटवर बसायची ओशिल.

ओशिल तिची शाळेच्या बाकापासूनची मैत्रीण. बालवाडीत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा राइदार कर्करोगानं गेला. त्या सबंध आजारपणात त्याला इस्पितळात न्यायला-आणायला तोरुनच होती. एकदाही तिनं मीटर पाडलं नाही. ओशिल आपली आहे, याची तिला इतकी खात्री होती की ते कधी बोलून दाखवावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

आणि मग मेरेते आली. बर्गन शहरातली. तीही विधवा. ओशिलच्या शेजारचं निळं घर तिनं घेतलं, आणि महिन्याभरात ओशिल तिला हाताला धरून मंडळात घेऊन आली. बर्गनवाल्यांसारखा घशातून 'र' काढायची, मोठ्यानं हसायची, वेलदोड्याचे पाव आणायची. सगळ्याजणी तिच्यावर खूश. तोरुननं पहिला पाव खाल्ला आणि म्हणाली, "बरा आहे. जरा कोरडा झालाय." कोरडा मुळीच नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथंच घर करून बसलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी मेरेतेनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, "यंदाची गाडी मी ठरवली बरं का! कोरी करकरीत. बटण दाबलं की दार आपोआप सरकतं."

"ठरवली म्हणजे?" तोरुननं विचारलं.

"बर्गनला माझ्या ओळखीचे आहेत. चालवायला माझंच नाव दिलंय. तू इतकी वर्षं राबलीस, आता जरा आरामात खिडकीतून बघ की!"

"मी थकलेय असं कुणी सांगितलं तुला?"

"अगं, थकलीस असं नाही म्हटलं तिनं," ओशिल मध्ये पडली. "चांगल्या मनानं केलंय."

ओशिल मध्ये पडली, आणि तीही पलीकडच्या बाजूनं. तोरुनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उठली आणि न सांगता सगळ्यांचे कप विसळायला गेली. त्यातले दोन अजून भरलेले होते.

निघायच्या सकाळी गाडी चर्चपाशी आली. पांढरीशुभ्र, लांबलचक. दार खरंच आपोआप सरकलं आणि बायका लहान मुलींसारख्या ओरडल्या. तोरुननं टायरकडे पाहिलं; लाथ मारण्यासारखं काही दिसेना. ओशिल पुढं मेरेतेशेजारी बसली. मुद्दाम नव्हे, अगदी सहज, जणू ती सीट तिच्या नावावर होती. तोरुनच्या वाट्याला शेवटची रांग आली. तिथं बॅगा होत्या आणि बोर्गनी होती. बोर्गनी मंडळातली सर्वांत थोरली, ऐंशीला टेकलेली. एका कानानं कमी ऐकायची आणि दोन्ही कानांनी हवं तेच ऐकायची.

"काय गं, तोंड का असं आंबलंय तुझं?" बोर्गनीनं विचारलं.

"मागं बसलं की मळमळतं मला."

"तीस वर्षं लोकांना मागं बसवलंस. त्यांना नव्हतं का मळमळत?"

आता तोरुन एकाच गोष्टीची वाट पाहू लागली. मेरेते कुठं चुकते? गाउलारफ्येलचा घाट आला, एकावर एक रचलेली वळणं. इथं हिचा बर्गनी तोरा उतरेल, तोरुननं मनाशी म्हटलं. पण बाईनं सगळी वळणं अशी घेतली की बोर्गनीच्या मांडीवरचा कॉफीचा कप हिंदकळलाही नाही. समोरून कॅरॅव्हॅन आली, तर हिनं शांतपणे गाडी कडेला घेऊन तिला वाट दिली आणि वर हात हलवला. चांगलं चालवत होती. हेच तर सहन होत नव्हतं. वाईट चालवणाऱ्या माणसाला क्षमा करता येते.

ड्राग्स्विकच्या फेरीबोटीवर सगळ्यांनी स्वेले घेतली, लोणी आणि तपकिरी चीज घातलेली जाड गोड धिरडी. तोरुन ओशिलसाठी एक घेऊन वरच्या डेकवर गेली, तर ओशिलच्या हातात आधीच एक होतं. ती आणि मेरेते कठड्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही गं," ओशिल डोळे पुसत म्हणाली, "तुला सांगून नाही कळायचं."

तोरुननं दोन्ही धिरडी स्वतःच खाल्ली. एकाचीही चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सोग्नेफ्येलचा डोंगर ओलांडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बर्फाच्या भिंती, वर निळं आभाळ, आणि पुढच्या सीटवरून सतत कुजबुज. मागून तोरुनला फक्त दोन डोकी दिसायची, एक पांढरं, एक रंगवलेलं. ती जवळ आली की तोरुन मान पुढं काढून ऐकायला बघायची. लोम गावी नदीकाठच्या बेकरीत ती ट्रे घेऊन टेबलाशी आली, तेव्हा ओशिल राइदारच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होती आणि मेरेतेचा हात तिच्या हातावर होता. तोरुनला पाहताच दोघी गप्प झाल्या.

राइदारबद्दल? माझ्यासमोर गप्प? त्याला उचलून गाडीत कुणी बसवलं होतं, या बर्गनच्या बाईनं?

परतीच्या सकाळी नकाशा टेबलावर पसरला होता. मेरेतेनं विचारलं, "बोगद्यानं जायचं की वरच्या जुन्या घाटानं? जुना रस्ता सुंदर आहे म्हणतात. पण उघडलाय का?"

तोरुनचा भाचा एंद्रे त्याच घाटात बर्फ कापायच्या यंत्रावर होता. त्यानं गुरुवारीच तिला सांगितलं होतं की रस्ता पुढच्या आठवड्यापर्यंत काही खुला होत नाही. तोरुननं ब्रेडला लोणी लावलं.

"उघडलाय," ती म्हणाली. "जा खुशाल. चालवता येत असेल तर."

दैवही तिच्याच बाजूचं निघालं. खालचं फाटक यंत्रांसाठी उघडं ठेवलेलं होतं. गाडी वर चढली. बर्फाच्या भिंती जवळ येत गेल्या, रस्ता एका गाडीपुरता उरला, आणि एका वळणानंतर संपूनच गेला. समोर लाल-पिवळा आडवा दांडा आणि त्यापलीकडे पांढरा डोंगर. गाडी वळवायला जागा नाही. मागं, वळणावळणानं, उलटंच जायचं.

मेरेतेनं खिडकी उघडली, मान बाहेर काढली आणि वीतवीत गाडी मागं न्यायला सुरुवात केली. तिच्या मानेवरचा घाम तोरुनला दिसत होता. पहिलं वळण निभलं, दुसरंही. तिसऱ्यावर मागचा कोपरा बर्फाखाली लपलेल्या कडेच्या दगडाला लागला आणि पत्रा किंचाळल्यासारखा आवाज झाला.

थंडीत गरम सूप पोटात उतरावं, तसं तोरुनला वाटलं. लाज नाही, भीती नाही, निव्वळ समाधान.

मेरेते खाली उतरली. तो लांब ओरखडा तिनं पाहिला आणि त्यावरून हात फिरवला. सगळ्याजणी उतरल्या. तेवढ्यात वरून बर्फाचं यंत्र घरघरत आलं आणि त्यातून नारिंगी कपड्यांतला एंद्रे खाली उडी मारून धावत आला.

"कुणी सोडलं तुम्हाला वर? अरे, आत्या? तू?" तो तोरुनकडे बघतच राहिला. "गुरुवारी सांगितलं ना मी तुला, घाट बंद आहे म्हणून! विसरलीस होय?"

विसरले, एवढं म्हणणं सोपं होतं. एंद्रेनं शब्दसुद्धा हातात आणून दिला होता. पण ओशिल तिच्याकडे बघत होती, आणि ओशिलसमोर तोरुनला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. तिनं बर्फाच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

"गाडी चालवायची होती, तर तोंड उघडून मागायची," मेरेते हळू म्हणाली. "मी दिली नसती का?"

"मला गाडी नको होती," तोरुन म्हणाली.

मग काय हवं होतं, हे कुणी विचारलं नाही. बोर्गनी तेवढी म्हणाली, "थंडी वाजतेय मला. भांडायचं ते गाडीत बसून भांडा."

एंद्रेनं गाडीच्या मागं चालत, हातवारे करत गाडी खाली आणवली. बोगद्याच्या अलीकडे मेरेते थांबली तेव्हा ओशिल पुढच्या सीटवरून उतरली, मागं आली आणि म्हणाली, "सरक."

बोर्गनीला पुढं पाठवलं होतं.

"आपण सात जणी होतो गाडीत," ओशिल म्हणाली. "ऐंशी वर्षांची म्हातारी होती. तुला काय वाटलं असतं, एखादी दरीत गेली असती तर?"

"तिनं माझं सगळं घेतलं."

"सगळं म्हणजे काय? मी? मी काय तुझी टॅक्सी आहे?"

तोरुन खिडकीबाहेर बघत राहिली.

"हे बघ, आत्तासुद्धा," ओशिल म्हणाली. "राइदारला इस्पितळात सोडून परत येताना मी तुझ्याशेजारी रडायचे. तू काय करायचीस? बातम्या लावायचीस."

"मला काय बोलावं ते सुचायचं नाही."

"बोलायला कुणी सांगितलं होतं? ऐकायचं होतं. तुझे उपकार मी मरेपर्यंत विसरायची नाही, तोरुन. पण उपकारांशी गप्पा मारता येत नाहीत गं. मेरेतेचा नवरा गेलाय. मी अर्धं वाक्य बोलते, उरलेलं तिला कळतं."

"आणि मला नाही कळत."

"नाही कळत," ओशिल म्हणाली. खोटं सांत्वन तिनं केलं नाही. पण घर येईपर्यंत ती पुढंही गेली नाही.

गाडी परत करायला तोरुन मेरेतेबरोबर गेली. ओरखडा माझ्यामुळे पडला असं तिथल्या माणसाला सांगायला तिनं तोंड उघडलं, तर मेरेतेनं तिला तोडलं. "गाडी मी चालवत होते," ती त्या माणसाला म्हणाली, आणि तोरुनकडे तिनं पाहिलंही नाही.

त्यानंतर दोन मंगळवार तोरुन मंडळात गेली नाही. तिसऱ्याला बोर्गनीचा फोन आला. "मला न्यायला कोण येणार? माझे पाय काय तुझ्या रुसव्यावर चालतात?" मग जावं लागलं. कुणी विषय काढला नाही. मेरेतेनं पावांची थाळी पुढं केली, पण नेहमीचं हसणं मात्र तिच्यासाठी नव्हतं. ते नंतरही कधी आलं नाही. पुढच्या जूनमध्ये गाडीच्या करारावर दोघींची नावं होती. घाट आला की एक, सपाटी आली की दुसरी. कामापुरतं बोलायच्या. मैत्रिणी काही झाल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या वसंतात ओशिल आणि मेरेते दोघीच स्वीडनमधल्या गोतलांद बेटावर आठवडाभर जाऊन आल्या. त्या आठवड्यात तोरुननं अंगणातली अर्धी हिरवळ उगाचच खणून काढली. आत जळत होतं, ते जळतच राहिलं. वयानं विझेल असं तिला वाटत होतं, तसं झालं नाही. ओशिल परतल्यावर तोरुननं तिला जेवायला बोलावलं, मेंढीचं मटण आणि कोबी शिजवला आणि समोर बसून विचारलं, "काय काय केलंत तिथं?"

ओशिल सांगत गेली. भाड्याच्या सायकली, समुद्रातले दगडी सुळके, मेरेते पाण्यात पडली ती गोष्ट. "मेरेते" हे नाव आलं की दर वेळी तोरुनच्या घशात घास अडायचा. ती पाणी प्यायची, घास खाली ढकलायची आणि म्हणायची, "मग? पुढं?"