वाजू द्या, उचलू नका

रोज सकाळी सात वाजता प्रकाश मकासरे बूट घालून खुर्चीत बसत, वहीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवत, फोन लावत, दोन रिंगा होऊ देत आणि बंद करत. मग बोट दुसऱ्या नावावर. जायचं कुठंच नसे, पण लोकांकडे जाताना माणूस बूट घालतोच की, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते आमच्या चर्चचे पाळक. माधव नगरातल्या या लहानशा चर्चची मंडळी म्हणजे एकूण अडतीस घरं. नोकरीच्या निमित्तानं कधीकाळी नगर-जालन्याकडून उज्जैनला आलेले मास्तर, नर्सबाया, रेल्वेवाले, आणि इथंच जन्मलेली, प्रार्थना मराठीत अन् भांडण हिंदीत करणारी त्यांची मुलं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि चर्चच्या दाराला कुलूप पडलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंबिकाबाई गेल्या. आजार वगैरे काही नव्हता, झोपेत हृदय थांबलं. एकट्या राहत. दूधवाल्याच्या पिशव्या दारात साचल्या तेव्हा, तिसऱ्या दिवशी, शेजाऱ्यांना कळलं. पाळकसाहेबांनी चार माणसांत त्यांचा दफनविधी केला आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "सुलू, पुन्हा असं कुणी दोन दिवस पडून राहता कामा नये. मी रोज प्रत्येकाला फोन करणार."

पहिल्या दिवशी ते सकाळी सातला बसले. संध्याकाळी सहापर्यंत सात घरं झाली.

"ठेवतो म्हणायचं आणि ठेवायचं," सुलूबाई म्हणाल्या. "तुम्ही ठेवतो म्हणता आणि मग विचारता, गुडघा कसा आहे."

"गुडघा विचारल्याशिवाय कसं ठेवणार?"

"म्हणून सांगते, बोलूच नका. नुसती घंटी द्या. त्यांनी उलट मिस्ड कॉल द्यावा. एक आला तर सगळं ठीक. दोन आले तर फोन करा. एकही नाही आला तर स्कूटर काढा."

उपाय उत्तम होता. अडचण एवढीच, की उचलू नका हे सांगण्यासाठी पाळकसाहेबांना सगळ्यांना एकेक फोन करावा लागला, आणि त्यात पाच दिवस गेले.

मग मात्र गाडी रुळावर आली. माधव नगरपासून सुरुवात आणि भैरवगढला शेवट, असा रस्त्यानं जावं तसा त्यांनी क्रम लावला होता. पहिला नंबर रजनीबाईंचा. या सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त मेट्रन, आणि बोलायच्या अशा की समोरचा माणूस आपोआप जीभ दाखवायचा. आमच्या घराचा नंबर अकरावा, सात वाजून नऊ मिनिटं. त्या रिंगेवर आई गॅस बंद करायची. अडतिसावे आणि शेवटचे भय्यासाहेब पारधे, सात एकेचाळीस. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, विधुर. भैरवगढला एका छापखान्यावरच्या दोन खोल्यांत राहत. छापखाना म्हणजे कापडावर ठसे मारायचा; त्यांच्या गच्चीवर कायम कुणाच्या तरी चादरी वाळत असत.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सात एकेचाळीसला रिंग गेली, पण उलट काही आलं नाही. पाळकसाहेबांनी पुन्हा लावला, पूर्ण वाजू दिला. तिसऱ्यांदा लावला. बूट घातलेलेच होते. त्यांनी स्कूटर काढली.

पहिल्याच चौकात पोलिसानं काठी आडवी केली.

"कां जा रिये हो?"

"भैरवगढ. साहब, एक आदमी ने मिस्ड कॉल नहीं दिया।"

"तो आप लगा लो।"

"मैंने तो दिया। जवाब में उसको देना था।"

"तो वो उठाता क्यों नहीं?"

"उठाना मना है।"

पोलिसानं मास्कच्या वर उरलेल्या चेहऱ्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "किसने मना किया?"

"मैंने।"

"मास्टर हो?"

"पादरी हूँ।"

"हो," पोलीस म्हणाला, जणू त्यानं सगळा उलगडा झाला, आणि काठी बाजूला घेतली.

पुढचा रस्ता रिकामा होता. एरवी पाळकसाहेब तीसच्या वर स्कूटर नेत नसत; त्या दिवशी काटा कुठं होता हे त्यांनी पाहिलंच नाही, असं त्यांनी नंतर सुलूबाईंना सांगितलं. वाटेत ते प्रार्थनाही म्हणत होते, पण तिच्यात अंबिकाबाईंच्या दारातल्या दुधाच्या पिशव्याच सारख्या मध्ये येत होत्या.

भय्यासाहेब गच्चीवर दोन चादरींच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री.

पाळकसाहेब खाली भिंतीला टेकले. मग वर पाहून त्यांनी चर्चच्या रीतीनं सलाम केला. "सलाम, भय्यासाहेब."

"सलाम."

"बरे आहात?"

"उत्तम."

"मग फोन का उचलला नाहीत?"

"उचलू नका असं तुम्हीच सांगितलंत."

"आणि मिस्ड कॉल?"

भय्यासाहेबांनी एका चादरीची कड सरळ केली. "चर्चचा पाया खणला तेव्हा पहिलं घमेलं माझ्या वडिलांनी उचललं. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसतो. आणि वहीत माझा नंबर अडतिसावा. काल मीनाबाईंशी बोलताना समजलं, त्या सतराव्या. त्यांच्या नवऱ्याला तर मी बिनतिकिटाचा पकडलेला आहे."

"अहो, ते रस्त्याप्रमाणे आहे. भैरवगढ शेवटी येतं, त्याला मी काय करू? आणि प्रभूच्या राज्यात मागचेच पुढे जाणार आहेत."

"ते राज्य आलं की पाहू. सध्या मी भैरवगढात राहतो."

पाळकसाहेबांचं त्यांच्यावर रागावणं एवढंच, की परत निघताना त्यांनी गुडघ्याची चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही उलटी धरली. भय्यासाहेब पहिले, रजनीबाई शेवटच्या. माधव नगरात त्या सकाळी किमान सहा घरांत दूध उतू गेलं; आमच्यासारखंच सगळ्यांनी काही ना काही त्या रिंगेला बांधलेलं होतं, हे तेव्हा उघड झालं. सात एकेचाळीसला रजनीबाईंकडून लागोपाठ दोन मिस्ड कॉल आले. पाळकसाहेबांनी घाबरून फोन लावला.

"मी जिवंत आहे हे तुम्हाला सातला कळायला हवं की पावणेआठला?" रजनीबाईंनी विचारलं.

"दोन्ही वेळेला आनंदच आहे, बाई."

"आनंद राहू द्या. शेवटच्या पेशंटपर्यंत येता येता राउंडवरच्या डॉक्टरचं लक्ष उडालेलं असतं. मी चाळीस वर्षं बघितलंय. मला शेवटी नाही राहायचं."

त्या दिवशी जेवताना सुलूबाईंनी पाळकसाहेबांना चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. ते म्हणाले, चिठ्ठीत जो शेवटी येईल त्याचं काय? अडतीस माणसांत कुणीतरी शेवटी असणारच, आणि ज्याला राग येईल तो फोन देणार नाही, आणि फोन आला नाही तर राग आहे की दुसरं काही, हे मला खुर्चीत बसून कसं कळणार?

संध्याकाळी त्यांनी भय्यासाहेबांना फोन केला आणि सरळ सांगून टाकलं, की रजनीबाई शेवटच्या जागेला नकार देताहेत.

"देणारच," भय्यासाहेब म्हणाले. "शेवटचा डबा काय कुणालाही जमतो? छत्तीस वर्षं बसलोय तिथं. ड्रायव्हर पुढचं बघतो. गाडी पूर्ण आली की मध्येच तुटून अर्धी मागं राहिली, हे मागचा माणूस सांगतो. त्या मेट्रनबाईंना झंडी धरता येते का?"

"येत नसावी."

"मग माझा नंबर मला परत द्या. उगाच लोकांच्या हातात काहीही देत बसता."

त्यानंतर वर्षभर त्यांचा मिस्ड कॉल एक दिवसही चुकला नाही. उलट पाळकसाहेबांना उशीर झाला, तर सात बेचाळीसला त्यांचाच निरोप यायचा: "कुठं अडकली?" पुढे चर्च उघडलं, एक बाक सोडून एक बाक असं बसणं सुरू झालं, तरी सकाळची रिंग चालूच राहिली. बंद करा, असं कुणी म्हणालं नाही.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये पाळकसाहेब स्वतः आजारी पडले. दवाखान्यात नेताना त्यांनी वही मागून घेतली. वॉर्डात सातला रिंगा सुरू झाल्या, तशी सिस्टर रागावली, की ऑक्सिजन लावलेल्या माणसानं बोलायचं नसतं. "मी बोलतच नाही," ते म्हणाले, आणि तिचाही नंबर मागितला. ती एकोणचाळिसावी झाली. शेजारच्या खाटेवर महाकालच्या गल्लीत हारफुलं विकणारे एक गृहस्थ होते. दोन दिवस हा प्रकार पाहून ते म्हणाले, "पादरीजी, घर जाऊँगा तो मेरे को भी घंटी मारना।" ते चाळीस. भय्यासाहेबांना फोनवर बजावण्यात आलं, की मध्ये दोन डबे जोडले आहेत, तुमची जागा मागंच आहे. ते म्हणाले, "जोडा. इंजिनात दम आहे तोवर जोडा."

ज्या मंगळवारी पाळकसाहेब गेले, त्या सकाळी सातला, त्यांना धाप लागत होती म्हणून, सुलूबाईंनी वहीतले नंबर उतरवलेला कागद घेऊन त्यांच्या खुर्चीत बसून रिंगा दिल्या. चाळीसही उलट आल्या. दवाखान्यातून फोन त्यानंतर, नऊच्या सुमारास आला.

आदल्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी घरी फोन लावला होता. धाप लागत होती, म्हणून थोडंच बोलले. सुलूबाईंनी विचारलं, काही पाठवू का? ते म्हणाले, "डब्याबरोबर लांब वायरचा चार्जर पाठव. इथं प्लग फार लांब आहे."