गेटच्या आत आनंदा

अक्काचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी वर्कशॉपमध्ये माल तपासत होतो. "दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. मी फोन ठेवला, वहीचं कोरं पान काढलं आणि कुणाकुणाला कळवायचं ती नावं लिहिली. पहिलं मुरगूडचं, त्यांच्या भावाचं. रडणं मला लवकर जमत नाही. याद्या जमतात.

आनंदराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुरगूडला दारं-खिडक्या करायचे. हात असा, की चौकट बसवल्यावर कुठं पाचर ठोकावी लागायची नाही. मी एका फौंड्रीच्या ऑफिसात होतो. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघांनी उद्यमनगरात भाड्याचा गाळा घेऊन पॅटर्नचं काम सुरू केलं. पॅटर्न म्हणजे लोखंडी भाग ओतण्यासाठी लागणारा लाकडी नमुना. आईला हे पसंत नव्हतं. "जावई हाईत त्ये. उद्या त्यास्नी चुकलं म्हणशील?" तिनं विचारलं. कामाची वाटणी, वेळा, सुट्ट्या, सगळं मी कागदावर मांडलं होतं. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्याच वर्षी त्या उत्तराची गरज पडली. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा ठेवतात. दाजींना हे पाठ होतं, पण त्या दिवशी घाईत त्यांनी वाढीव मापाची पट्टी सोडून साधी पट्टी घेतली. तपासताना माझ्या ते लगेच लक्षात आलं. भोवती चार कामगार उभे. दाजी पॅटर्नवर हात फिरवत म्हणाले, "बघ की, कसा झालाय!" मी म्हणालो, "छान." संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगावं म्हटलं, तर तिथं अक्का, तिच्या सासूबाई… राहून गेलं. सकाळी पॅटर्न रवाना झाला. आठवड्यानं फौंड्रीच्या मालकांनी दोघांना बोलावलं. आवारात लहान मापाच्या भागांचा ढीग पडला होता. "तपासलंय कुणी हे?" त्यांनी विचारलं. "मी," म्हणालो.

आम्ही स्कूटरवरून परतलो. गाळ्याच्या गेटपाशी दाजी उतरले.

"तुला कळलंतं?"

"हो."

"मग बोलला का न्हाईस?"

"दाजी, तुम्हाला कसं म्हणणार…"

"लाकडाला काय म्हाईत, दाजी कोन आनि मेव्हणा कोन! हे बघ शशी, असंच चालणार आसंल तर मी मुरगूडला जातो. न्हायतर या गेटच्या आत मला नावानं हाक मारायची. अरे-तुरे."

दोन दिवस माझ्या तोंडून 'अरे' सोडाच, 'अहो'सुद्धा निघेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम एक कोपरा वाकडा तासला आणि कामगारांसमोर माझ्यापुढं ठेवला. मी म्हणालो, "आनंदराव, हे चुकलंय." "राव काढ." "आनंदा… चुकलंय हे." ते मोठ्यानं हसले. "आता कसं! घरी मातूर बोलू नगो. तुजी अक्का झाडूच घील."

पुढं चौदा वर्षं हे असंच चाललं. आत आनंदा, बाहेर दाजी. आम्ही कडाकडा भांडायचो आणि सहाला गेटबाहेर येऊन मी त्यांना वाकून विचारायचो, "दाजी, चहा घ्यायचा?" मग त्यांचे डोळे अधू झाले आणि येणं थांबलं. त्यानंतर ते फक्त दाजीच राहिले.

जायच्या दोन महिने आधी त्यांनी घरी एक चौरंग केला. मी गेलो तेव्हा त्यांनी तो हातानं चाचपत पुढं सरकवला. "कसा झालाय?" एक पाय आखूड होता, ते दिसतच होतं. अक्का शेजारी उभी होती. "छान झालाय, दाजी," मी म्हणालो. त्यांनी चौरंगावरून हात फिरवला. मग म्हणाले, "इथं गेट न्हाय, म्हणून व्हय?" आणि हसले. मीही हसलो, आणि विषय तिथंच राहिला.

आता त्यांचा फोटो त्याच चौरंगावर आहे. अक्का रोज फूल ठेवते, तेव्हा तो डुगडुगतो. "एवढा पाय बसवून दे की रे," ती म्हणाली. मी माप घेतलं. दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी आहे. दहा मिनिटांचं काम. अजून केलेलं नाही.