बोला, काय तक्रार आहे?

संकटात सापडलेल्यांचे फोन घेण्याच्या त्या खोलीत सगळे तिला आत्या म्हणत. त्याआधी बरीच वर्षं ती पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसायची. नळ कोरडा राहिला की अख्खी वस्ती येऊन तिच्यावर तोंडसुख घ्यायची. तिथे तिला एक गोष्ट कळली होती. माणूस शिव्या देत असतो तोवर खिडकी सोडून कुठे जात नाही.

घरी सासूबाई म्हणायच्या, "फोनवर गप्पा मारायचा पगार घेते आमची सून."

"हो ना, आणि समोरचं माणूस पहिल्या शब्दापासून रडत असतं," आत्या म्हणायची. नवरा, नणंद, भाजीवाला, जो भेटेल त्याला ती बजावून ठेवायची, "आमच्याकडे फोन लावलात तर काय झालं ते नंतर. आधी कुठे आहात ते सांगा. आणि फोन ठेवू नका. बोलता येत नसेल तर नुसता चालू राहू द्या."

त्या दुपारी फोनवर एक बाई किंचाळत होती, "मारलं! माझ्या नवऱ्याला मारलं हो!"

"आधी कुठे आहात ते सांगा."

"दिरानं... लोखंडी गजानं..."

"बाई, पत्ता!" आत्या ओरडलीच.

बाईनं पत्ता दिला. नवरा बाहेरच्या खोलीत डोकं फुटून पडला होता. ती स्वयंपाकघरात कडी लावून बसली होती आणि दीर दार फोडत होता. आत्यानं पोलिसांची गाडी आणि रुग्णवाहिका सोडली.

"गाडी निघाली. फोन स्पीकरवर टाका आणि दाराला टेबल लावा."

टेबल सरकल्याचा आवाज आला. मग लाकूड फाटलं. मग एक दणका, आणि बाईची अशी किंकाळी, की शेजारी बसलेल्या मुलीनं स्वतःच्या कानांवर हात ठेवले. फोन फरशीवर आपटला. कुणीतरी तो उचलला.

"कोण आहे गं तिकडे?" पुरुषाचा आवाज.

अशा वेळी गप्प राहून ऐकायचं, असा नियम. पण आत्याच्या तोंडून खिडकीवरचं वाक्य निघून गेलं.

"बोला, काय तक्रार आहे?"

तो गडबडला. "तक्रार? माझी?"

"तुमचीच. लिहून घेते."

आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. भाऊ हरामखोर, सख्ख्या भावाला घराबाहेर काढायला निघाला. आणि ही सटवी त्याचे कान भरणारी. मागे बाई कण्हत होती.

"थांब, आधी हिला गप्प करतो." गज फरशीवरून घासत गेला.

"अहो, तुमची तक्रार लिहू, की तुमचा भाऊ सांगेल ती लिहू?"

"त्याची काय लिहितेस, भवाने!" तो पुन्हा फोनवर आला.

आत्यानं आवाज चढू दिला नाही. तिनं त्याच्याकडून तेच तेच वदवून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणत राहिली. "अगदी बरोबर. पुढे?" मग एकाएकी बुटांचा आवाज, आरडाओरडा, गज पडल्याचा खणखणाट. फोन बंद झाला.

नवरा रुग्णालयाच्या दारातच गेला. बाई वाचली. तिच्या कोपराचा चुरा झाला होता.

आत्या असं कुणाला भेटायला कधी जात नसे. या वेळी गेली. पलंगाशी उभी राहून म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी होते."

तो आवाज ऐकताच बाईनं प्लास्टरमधला हात छातीशी ओढून घेतला.

"तो तुमच्याकडे वळू नये म्हणून मी त्याला बोलतं ठेवलं, ताई."

"कळलं होतं मला. तुमच्यामुळेच आहे मी." बाई छताकडे बघत राहिली. "पण तुम्ही त्याला 'बरोबर आहे' म्हणत होतात ना, तेव्हा यांचा श्वास चालू होता. स्पीकरवरून तुमचा आवाज सगळ्या घरात येत होता. यांनी ऐकलं असेल का हो ते?"

आत्या स्टूल ओढून बसली आणि बाईचा धड हात हातात घेतला. बाईनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.