एका मेमरीवरून झालेली जळजळ

आमच्या ऑफिसातले किस्से सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे साचतात. धुवायला कुणीच उठत नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग झालेला असतो.

ऑफिस म्हणजे डोंबिवली स्टेशनजवळ, साड्यांच्या दुकानावरची एक खोली. मालक जोगळेकर सर. प्रोग्राम लिहिणारे आम्ही तिघं. मी मंदार, सगळ्यात जुना. हर्षल विठ्ठलवाडीचा, माझ्या मागून आलेला आणि आल्या दिवसापासून सरांचा लाडका. आणि रूपाली म्हात्रे, शहाडजवळच्या आगरी घरातली, कामापुरतं बोलणारी. हर्षलवर मी जळायचो हे सगळ्यांना माहीत होतं. हर्षललाही. त्याला ते आवडायचं.

कल्याणच्या एका डॉक्टरांच्या क्लिनिकला टोकनची सिस्टीम हवी होती. एकाच कॉम्प्युटरवर तीन वेगळे प्रोग्राम, स्क्रीन तेवढ्या वेगवेगळ्या खोल्यांत. काउंटरवर नंबर देणारा प्रोग्राम माझा, केबिनमध्ये डॉक्टरांना पुढचा पेशंट दाखवणारा हर्षलचा, बाहेरच्या टीव्हीवर नंबर लावणारा रूपालीचा. तिघांनी मिळून एकच डेटाबेस वापरायचा, आणि तोही डिस्कवर नाही, थेट मेमरीत. झटपट चालतो, आणि रात्री पुसला गेला तरी बिघडत नाही. कालचं टोकन आज कोणाला हवंय? तिघांना जोडायचं काम सरांनी मला दिलं. त्या दिवशी मी हर्षलला स्वतःहून चहा पाजला.

*

मी सोपा विचार केला. तिन्ही प्रोग्रामना सांगितलं, मेमरीत अमुक नावाचा डेटाबेस उघडा. नाव एकच, म्हणजे डेटाबेस एकच.

पहिल्या सकाळी काउंटरवर नंबर भराभर जात होते, हॉल भरला होता, आणि केबिनमध्ये डॉक्टरांच्या स्क्रीनवर एकही पेशंट नव्हता. डॉक्टर निवांत पेपर वाचत बसले. शेवटी एक आजी थेट केबिनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, आज अजून कोणी आलेलं नाही. आजी वळून सगळ्या हॉलला म्हणाल्या, "ऐकलंत? आपण आलेलोच नाही."

*

चूक काय झाली ते सरांना हर्षलने समजावलं, माझ्यासमोर. प्रत्येक प्रोग्रामची मेमरी त्याची त्याची असते. नाव सारखं दिलं तरी तीन वेगळे डेटाबेस तयार होतात.

"सर, दोन घरांत दोन फ्रिज आहेत. एकात ठेवलेलं दही दुसऱ्यात कसं सापडेल?"

सर इतके खूश झाले की महिनाभर येईल त्याला दह्याचं उदाहरण सांगायचे. एकदा माझी बायको डबा द्यायला आलेली, तर तिलाही सांगितलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "काय छान समजावतो रे तो मुलगा." त्या रात्री मी कढी खाल्ली नाही.

*

मग काम हर्षलकडे गेलं. त्याचा उपाय बरोबर होता, हे मी तेव्हाही मनातल्या मनात मानलेलं. डेटा एकाच प्रोग्रामने सांभाळायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचा. सांभाळणारा कोण? अर्थातच हर्षलचा केबिनवाला प्रोग्राम.

डॉक्टरांना एक चांगली सवय होती. जेवायला उठताना ते सगळं बंद करून उठत. त्यांनी केबिनचा प्रोग्राम बंद केला आणि त्याच्या मेमरीसकट सगळ्यांचे नंबर गेले. जेवून येऊन त्यांनी तो पुन्हा सुरू केला, तर काउंटर एक नंबरपासून टोकनं द्यायला लागला, आणि दोन तास ताटकळलेली माणसं नुकत्याच आलेल्यांशी भांडायला लागली.

मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो. बायकोने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "पोराच्या दहावीला बर्फी आणलेलीस, तीसुद्धा पाव किलो."

*

आता डेटा माझ्या प्रोग्रामकडे द्यावा असं मी म्हणायला लागलो, आणि हर्षल सोडायला तयार नव्हता. आठवडाभर आम्ही सरांच्या टेबलाशी उभे राहून हेच बोलत होतो. रूपालीने एकदाच मान वर केली.

"दोघांकडेही नको. चौथा प्रोग्राम करू. स्क्रीनवर त्याची खिडकीच नसेल, मग बंद कोण करणार? तो नुसता डेटा धरून बसेल, आपण तिघं त्याच्याकडे मागू. दोघांनी एकदम मागितलं तर एक थांबेल."

सर म्हणाले, "रूपाली, तूच कर."

मी आणि हर्षल खाली चहाच्या टपरीवर गेलो. दोन कटिंग सांगितले. मग तो म्हणाला, "तशी हुशार वगैरे काही नाहीये हां ती." मी म्हटलं, अजिबात नाही. आमची दोस्ती तेव्हापासूनची.

*

चौथा प्रोग्राम पहिल्या दिवसापासून नीट चालला. एका सकाळी मी आणि हर्षल काउंटरवर नवा प्रिंटर लावायला क्लिनिकमध्ये गेलेलो. हॉलमध्ये पहिल्याच रांगेत पांढरा शर्ट, पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ टीव्हीसमोर बसलेले. नंबर बदलला की शेजारच्याला कोपराने हलवून म्हणायचे, "माझे पोरीनं केलाय." शेजारचा उठून आत गेला की नवा शेजारी, आणि पुन्हा तेच. रूपालीचे वडील. ती घरी बोलते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

त्यांचा नंबर लागला. ते उठले नाहीत. काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, तर त्यांनी मागे बसलेल्या बाईला पुढे पाठवलं. "तू जा. मना काय घाई नाय." पुढच्या नंबरालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. हॉल रिकामा होत गेला आणि ते टीव्हीकडे बघत बसले.

हर्षलच्या हातात प्रिंटरची वायर तशीच राहिलेली. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "तुझे बाबा कधी आलेत का रे इथे?"

मी म्हटलं, "नाही. तुझे?"

तो म्हणाला, "वायर धर जरा."