खंडेनवमीचं दुसरं मशीन

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. नगरच्या औद्योगिक वसाहतीत मी कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन आणि या दोन्हींपेक्षा दिमाखदार पाटी. मालक मीच आणि कामगारही मीच. तेव्हा मालकानं कामगाराला सुट्टी द्यायचा प्रश्नच नव्हता.

लेथची मात्र काय बडदास्त! सकाळ-संध्याकाळ तेल. जरा कुरकुरलं की कान लावून ऐकायचं, बोट टेकवून तापलंय का बघायचं, तापलं असेल तर लगेच बंद. माझा डबा तसाच भरलेला घरी परत जाई. एकदा चक्कर येऊन पडलो, तर डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. मला त्यांची कीव आली. पगारी माणूस, त्याला धंद्यातलं काय कळणार?

घरी माझा आवाज तेवढा जोरात चाले. चहा गार झाला, ओरड. भांडं पडलं, ओरड. चार वर्षांची मुलगी मला बघताच आईच्या पदराआड जाई. पोरीला चांगलं वळण लागलंय, असं मी गाढव समजत होतो.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दिवसभर त्यांना हात लावायचा नसतो. बायकोनं मुलीला घेऊन शेडवर येऊन लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. तिची पाठ वळताच मी माळ बाजूला सारली. एकच बुश, म्हणजे धातूचं छोटं कडं, कातायचा होता, दहा मिनिटांचं काम. बटण दाबलं आणि आवाजासरशी बायको गर्रकन मागं फिरली.

ती पुणतांब्याची, भीडभाड ठाऊक नाही. तिनं लेथ बंद केलं, माझ्या दोन्ही मनगटांना हळदकुंकू लावलं आणि ती माळ माझ्याच गळ्यात घातली.

"अवं, लोखंडाला बी आज सुट्टी हाय. आता तुमी बी पुजल्यालं मशीन. उद्यापत्तुर हलायचं न्हाई."

मी स्टुलावर बसलो, सत्काराला आलेल्या पुढाऱ्यासारखा. रागानं कान तापले होते, पण पुजलेल्या हातांनी करणार काय?

मुलगी लांबून बघत होती. तिनं आईला हळूच विचारलं, "आई, बाबांना हात लावू? वरडनार न्हाईत ना?"

"न्हाई गं. आज बंद हायेत ते."

ती भीत भीत आली. माझ्या गुडघ्याला एक बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा बोट टेकवलं. या वेळी ते तिथंच राहिलं.