नावाचा अर्थ विचारणाऱ्या बाई

"अर्थ काय हो नावाचा?" असं विचारताना बाई चष्मा कपाळावर चढवायच्या. समोरच्याने अर्थ सांगेपर्यंत तो खाली येत नसे.

रत्नागिरीत जन्माच्या दाखल्यासाठी तुम्ही कधी आमच्या खिडकीशी उभे राहिला असाल, तर तुम्हालाही त्यांनी हे विचारलं असेल. अर्जात अर्थाला जागा नाही, पण बाईंना तो हवा असे. मी शेजारी बसून संगणकावर नोंदी करायचे. रांग वाढली की मी कुरकुरायचे.

"थांब गो," बाई म्हणायच्या. "पोराला हे जन्मभर वागवायचंय. बापाला दोन मिनिटं जड झाली?"

एकाने मोबाइलमध्ये बघून मुलाच्या नावाचा अर्थ सांगितला, "कधीही न हरणारा." बाई म्हणाल्या, "कधीतरी हरू दे हो त्याला. दमेल." तो हसला. बाई हसल्या नाहीत.

नावांच्या लाटा त्यांना तोंडपाठ होत्या. एका वर्षी सगळ्या आर्या, पुढे सगळ्या स्वरा. पण स्वतःहून नाव त्यांनी कधी कुणाला सुचवलं नाही. कुणी फारच गळ घातली तर म्हणायच्या, "नाव आईबापांनी ठेवायचं. आम्ही नुसतं लिहायचं."

एका मार्चात दुपारी मिरकरवाड्यातलं एक जोडपं आलं. नवरा ट्रॉलरवर खलाशी. बायकोच्या कडेवर तीन महिन्यांची मुलगी. जन्माची नोंद झाली होती, नाव तेवढं घालायचं होतं.

"बारशाला सुरंगी ठेवलं," तो म्हणाला. "माझ्या पणजीचं नाव. पण कागदावर दुसरं घालूया म्हणतो. कियारा."

बाईंनी अर्थ विचारला नाही. शेवटी मीच विचारलं, "दुसरं का?"

"हसतात ओ लोक. वहिनी म्हणते, शाळेत चिडवतील. आता कोण ठेवतो असलं नाव?"

"मला आवडतं," बायको हळू आवाजात म्हणाली. "सुरंगीची फुलं वाळली तरी वास जात नाही. पणजीबाईंच्या पेटीत सुकलेला गजरा होता. पेटी उघडली की घरभर वास व्हायचा."

"बघा तरी, या नावाची दुसरी कुणी आहे का," तो मला म्हणाला. मी संगणकात शोधलं. एकही नव्हती. "बघ," तो बायकोला म्हणाला, "एकसुद्धा नाही."

तेव्हा बाई बोलल्या. "ठेवायचं ठरवलं होतं एकीने."

"मग?"

"हाक मारायची राहिली."

त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुलीकडे. शेवटी म्हणाला, "लिहा. सुरंगीच लिहा."

बाई खुर्ची मागे सारून माझ्याकडे वळल्या. "तू लिही. माझ्याने व्हायचं नाही."

ते दोघं गेल्यावर बाईंनी सांगितलं. त्यांचं माहेर संगमेश्वराजवळ. अंगणात सुरंगीचं झाड. त्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा ते ऐन बहरात होतं. आई पहाटे कळ्या काढून आणायची आणि खोलीत पसरून ठेवायची. मुलीचं नाव बाईंनी तिथेच मनात पक्कं केलं. मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं तीन दिवसांवर होतं. पुढे मूल झालं नाही. नंतर त्या याच कामावर लागल्या, तेव्हा कळलं, की नावाचा कोरा रकाना पंधरा वर्षांपर्यंत भरता येतो.

"दरवर्षी वाटायचं, भरावं. पण कुणी विचारलं असतं, आता कशाला, तर काय सांगणार होते? यांनासुद्धा नाव सांगितलं नव्हतं मी. पंधरावं वर्ष संपलं, त्या दिवशी रजा टाकून घरी बसले."

"आज राग नाही आला?" मी विचारलं. "तुमच्या मुलीचं नाव दुसरीला गेलं."

"आला ना," बाई म्हणाल्या. "ते सुरंगी म्हणाले तेव्हा आला. पण कियारा म्हणाले तेव्हा जास्त आला."

त्या निवृत्त झाल्यावर त्या खलाशाची बायको मुलीला घेऊन अधूनमधून त्यांच्याकडे जायची, असं कानावर यायचं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

गेल्या पौषात बाई गेल्या. यजमान आधीच गेले होते. देवरुखहून पुतण्या आला. अंगणात शेजारीपाजारी आणि आम्ही कचेरीतली चार माणसं होतो. तो खलाशी सगळ्यांच्या मागे, फाटकाशी उभा होता. त्या सकाळी त्याचा ट्रॉलर सुटायचा होता. त्याच्याशिवाय सुटला.

तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा तो पुढे आला. पुतण्याने विचारलं, "आपण कोण?"

तो म्हणाला, "मी सुरंगीचा बाप."

पुतण्याला काहीच उलगडलं नाही. पण त्याने थोडं सरकून त्याला खांदा द्यायला जागा दिली.